काडीवाला ई आणि वरच्या मजल्यावरचं माणूस

एका खुर्चीत वर्षानुवर्षं बूड टेकवलं की धुळीसारखे किस्सेही साचतात. धूळ झटकायला बाई येते, किस्से ऐकायला कुणी येत नाही. म्हणून लिहितो. शाळा चौथीपर्यंत. चुका सापडल्या तर खुशाल काढा!

अफझलगंजच्या छापखान्यात तीस वर्षं शिशाचे खिळे जुळवले. तो बंद पडला. तेवढ्यात देशात परदेशी कामं यायला लागली, तेव्हा चिक्कडपल्लीच्या एका कंपनीत गेलो. फ्रेंच, जर्मन पुस्तकं कॉम्प्युटरवर टाईप करून परत धाडायची. सुपरवायझर मूर्तीसाब.

"फ्रेंच आती क्या, चाचा?"

"नै आती साब. इंग्लिश के भी वांदे हैं."

"भोत अच्छा! आती तो दिमाग लगाते. जो दिखता सो मारो!"

अडाणीपणावर नोकरी मिळाली ती ही एकच!

*

त्या भाषांत अक्षरांच्या डोक्यावर काड्या, टोप्या, टिंबं. कीबोर्डावर त्यातलं एकही नाही. डाव्या हाताने आल्ट दाबून धरायचं, उजव्याने आकडा मारायचा. काडीवाला ई म्हणजे ०२३३. पुढचं शून्य विसरलं की ई गायब, तिथे काडीवाला मोठा यू!

पुण्याचे एक इंजिनीयर आले. म्हणाले, "काका, या काड्या गाळल्या तर काय बिघडतं?"

"तुमचं नाव?"

"कुलकर्णी."

"उकार गाळून हजेरी लावतो. मग पगाराला या!"

*

एकदा जुन्या डॉसच्या मशीनवर सबंध पुस्तक मारलं. तिथे त्याच ईचा आकडा वेगळा. आमच्या पडद्यावर सगळं झकास. गिऱ्हाइकाच्या विंडोजवर मात्र प्रत्येक काडीवाल्या ईच्या जागी स्वल्पविराम! मूर्तीसाबांनी फोन ठेवला.

"चाचा, वो पूछ रै, तुम्हारे आदमी को दमा है क्या? हर लफ्ज में सांस लेरा!"

*

काम बिनचूक हवं म्हणून एकच पुस्तक दोघं टाईप करायचे. मी 'ए', पहिल्या मजल्यावर. 'बी' तिसऱ्या. भेटायचं नाही, बोलायचं नाही. बाई की बाप्या, तेही ठाऊक नाही. मशीन दोघांचं ताडून बघायचं आणि फरक असेल तेवढ्याचीच लिस्ट छापायचं. लिस्ट दोघांकडे जायची. दोघांनी तीच चूक केली, तर मशीनला दिसायचीच नाही.

बी शून्य विसरायचं. लिस्टभर मोठे यू! मी वैतागून म्हटलं, "मूर्तीसाब, ऊपर बोलो, जीरो कू पैसा नै लगता!"

पुढच्या लिस्टमध्ये यू एकही नाही. माझ्या चुका मात्र सतरा!

मूर्तीसाब हसले. "ऊपर से जवाब आया. चाचा कू चश्मा दिलाओ!"

गुमान चष्मा केला. बायको गेल्यापासून माझ्या चुका काढणारं कुणी उरलं नव्हतं. खोलीवर जायचं, भात टाकायचा, भिंतीकडे तोंड करून जेवायचं. रविवारी लिस्ट नसायची. रविवार मोठा जायचा.

*

एकदा आठवडाभर बीच्या पानांत एकही काडी नाही. सगळे ई बोडके.

"मूर्तीसाब, ऊपरवाले का बायां हाथ टूटा क्या?"

ते बघतच राहिले. "तुमकू कौन बोला?"

"लिस्टने!"

केळी पाठवू का, विचारलं. "नक्को चाचा. रूल है."

*

मग स्कॅनर आला. दोघांनी टाईप करणं बंद, तिसरा मजला रिकामा होणार. शेवटचं पुस्तक फ्रेंच. शेवटच्या पानावरच्या शेवटच्या शब्दात काडीवाला ई.

चष्म्याच्या त्या निरोपापासून बी शून्य एकदाही विसरलं नव्हतं. मी आल्ट दाबलं आणि मुद्दाम शून्य गाळलं. मोठा यू आला. तसाच ठेवला. म्हटलं, लिस्टमध्ये बीला दिसेल. आपली जुनी चूक ओळखेल. बास.

संध्याकाळी मूर्तीसाब लिस्ट घेऊन खाली आले. कधी नव्हे तो माझा हात हातात घेतला.

"शाबास चाचा! आखरी पन्ना, दोनों का एक भी फरक नै!"