कमळीसाठी गाडी बघताना

माझ्या आक्काला बघायला आले तेव्हा परशुराम दाजींनी चहा संपायच्या आत होकार दिला होता. घोडीसाठी गाडी पसंत करताना मात्र त्यांनी माझा जीव खाल्ला.

रामनगरात वरातीची घोडी म्हटली की कमळी, आणि कमळीचे मालक आमचे दाजी. कॅसलरॉकपर्यंतचे नवरदेव तिच्या पाठीवर मिरवलेत. पण हल्ली मोठ्या रस्त्याला ट्रक असे अंगावर येतात की विचारू नका. मागच्या लग्नाहून परतताना एकानं कानाशी हॉर्न मारला आणि कमळी गटारात गेली. पाय वाचला, नशीब म्हणायचं.

त्या संध्याकाळी इंदूआक्कानं बजावलं, "आता तिला रस्त्यानं चालवायचं न्हाई. गाडी आणा, न्हाईतर विकून टाका. खानापूरचं गिऱ्हाईक तयार हाय."

दाजींचं तोंड एवढंसं झालं. पोटची पोर सासरी गेली तेव्हाही हा माणूस इतका गप्प झाला नव्हता.

गाडी ओढणार माझी जीप, म्हणून मला पळ काढता येईना. योगेश वेल्डिंगवाल्याच्या गॅरेजसमोर दोन ट्रॉल्या उभ्या होत्या. एक त्यानंच बनवलेली, उघडी, चारी बाजूंनी नुसते पाइप. दुसरी बेळगावच्या कुणा हौशी माणसाची, जुनी. वर छत, बाजूला खिडकी, आत छोटा पंखा. दाजी त्या पंख्यावर भाळले.

"दाजी, घोडीला पंखा कशाला वो?"

"तुझ्या जीपला हाय काय?"

"न्हाई."

"मग गप बस."

पण कमळी तीत चढेल तर शपथ! गूळ दाखवला, गोंजारलं, मी मागनं ढकललं, तर शेपटीचा फटका माझ्याच तोंडावर. शेवटी दाजींनी बँडवाल्या मारुतीला बोलावलं. पिपाणी वाजली मात्र, कमळी मान डोलवत फळीवरून थेट आत!

"हीच घ्यायची!" दाजी नाचायला लागले. "ठरलं!"

बँड थांबला. कमळीही थांबली, ती कायमचीच. आता बाहेर येईना. लगाम मागं दाबला, छातीला रेटा दिला. पुन्हा बँड वाजवला, तर आणखी पुढं सरकून पत्र्याला नाक टेकवून उभी. बघायला ही गर्दी! एक शहाणा म्हणाला, छत कापा. दुसरा म्हणाला, गाडीसकटच विका. योगेश खरंच कटर घेऊन आला.

दाजी माझ्या कानाशी आले. "संपलं रं. इंदूला कळलं की ही घोडी खानापूरला गेलीच." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझं हसू जागच्या जागी विरलं.

तेवढ्यात आक्का आलीच. तिला कुणी सांगायला नको, बँड घरापर्यंत ऐकू जात होता. तिनं आत डोकावून बघितलं आणि पदर खोचला.

"तिला वाटतंय वरात पोचली. नवरदेव उतरल्याशिवाय ती घरला वळतीया व्हय? बसा कुणीतरी, आणि उतरा!"

बसणार कोण? घोडी आणि छत यांच्यामध्ये दाजींचं पोट मावत नव्हतं. मी कंबर धरून कण्हायला लागलो.

"एक कामाचा न्हाई," म्हणत आक्का आत शिरली, पत्र्याला लावलेल्या आडव्या पाइपवर पाय देऊन वर चढली, कमळीच्या पाठीवर पालथी पडली आणि दुसऱ्या बाजूनं घसरून उतरली. कमळीनं नाक फुरफुरवलं आणि उलट्या पावलांनी गुमान बाहेर आली.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. दाजी बघतच राहिले. "तुला बसता येतंय?"

"तुम्ही बाजारला गेलासा की परड्यात बसते की."

"आणि वर विका म्हणत होतीस!"

"मग काय ट्रकखाली गेलेली बघू?" आक्काचा आवाज एकदम फुटला. "दुसऱ्याच्या दारात का असंना, जिती तरी राहील म्हणून बोलत होते! मला काय हौस हाय?"

दाजींनी नाक शिंकरलं, छाती पुढं काढली. "योगेश, ही पंख्याची गाडी आमची."

"ही न्हाई. ती उघडी." आक्का डोकं चोळत होती. "हितं टाळकं आपटतंय."

"म्हणजे तू लग्नांना येणार?"

"मग रोज तिला उतरवायला नवरदेव कुठनं आणणार?"

उघडी गाडी घेऊन आमचं पहिलं लग्न कॅसलरॉकला. मांडवाशेजारी फळी टाकली. आक्का नव्या लुगड्यात पाइपवरून कमळीवर बसली, उतरली, आणि दोघी बाहेर आल्या. खरा नवरदेव बाशिंग बांधून कोपऱ्यात ताटकळत होता. पण नवरीच्या आजीला काय दिसलं, देव जाणे. म्हातारी ताट घेऊन लगबगीनं पुढं आली, आक्काला कुंकू लावलं आणि ओवाळायलाच लागली.

मी अडवायला निघालो, तर दाजींनी माझा हात धरून मला मागं ओढलं. मग टोपी सरळ केली, घाईघाईनं पुढं झाले आणि आक्काच्या शेजारी जाऊन उभे राहिले.