होकार सकाळी विचारायचा

शिक्षणाने मनुष्यास दुसऱ्याच्या संमतीची किंमत कळते. हे माझे मत नाही, हा ठराव आहे. आमच्या कॉलेजातल्या वादविवाद मंडळाने तो एकमताने मंजूर केला होता, आणि एकमताच्या ठरावाविषयी शंका घेणे त्या काळी असभ्यपणाचे समजत.

संमतिवयाचे बिल नुकतेच पास झाले होते. शहरात जो तो त्यावर बोलत होता. ज्या मुलींसाठी कायदा झाला त्या तेवढ्या बोलत नव्हत्या, पण त्यांना कोणी विचारलेही नव्हते. ठराव मांडला आमच्या मंडळाच्या सेक्रेटरीने. तो पाऊण तास बोलला, आणि चांगले बोलला. टाळ्या संपल्यावर आम्ही पाचसहा जण त्याच्या खोलीवर गेलो आणि दार लावून ब्रँडी प्यायलो. दार लावायचे कारण असे की, आदल्या टर्मला त्याच मंडळाने मद्यपाननिषेधाचा ठरावही एकमताने मंजूर केला होता.

मे महिन्याच्या सुट्टीत सेक्रेटरी मला आपल्या मामांकडे घेऊन गेला. रेल्वेने कर्जत, तिथून बैलगाडीने खालापूरच्या बाजूला, लोधिवलीच्या पलीकडे एका खेड्यात. मामांची भातशेती होती आणि आंब्याची बाग होती. आम्ही दोघे तिथे कायद्याचा अभ्यास करणार होतो. पुस्तके ओट्यावर मांडली की अभ्यासाचा निम्मा भाग झाला असे आम्हाला वाटे. उरलेला निम्मा आंबे खाण्यात जाई.

घरात फडताळावर एक काळी बाटली असे. तिला सगळे 'औषध' म्हणत. उन्हाचा त्रास झाला तर, थंडी वाजली तर, जेवण पचले नाही तर, आणि यातले काहीच झाले नाही तर ते होऊ नये म्हणून मामा त्यातले औषध घेत. पाहुण्यांनाही देत.

डोंगरातल्या ठाकरवाडीतून एक बाई दर दिवसाआड मोळी घेऊन त्या घरी येई. वय तिशीच्या आत, नवरा वारलेला, दोन मुले, आणि घरी सासू. मोळी टाकली की ती ओट्याच्या कडेला टेकून पाणी पिई आणि आमच्याकडे बघून हसे.

"येवडं जाडं पुस्तक," ती एकदा मला म्हणाली, "ह्यात काय लिवलंय रं?"

"कायदा."

"मंग लाकडं कुनाची, ते बी लिवलं आसंल. रानातला शिपाई म्हनतो सरकारची. मोळी मातर माज्या डोक्यावर."

सेक्रेटरी हसला आणि म्हणाला की या बाईला आमच्या मंडळात घ्यायला हवे.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती आली ती कुडकुडत. हिवताप होता. मामा कामासाठी खालापूरला गेले होते आणि गडी बागेच्या दुसऱ्या टोकाला होते. सेक्रेटरीने काळी बाटली आणि पेला आणला.

"हे घे. औषध आहे."

तिने हुंगले. "दारूचा वास येतोय."

"साहेब लोकांचं औषध आहे. थंडी जाते."

"मव्हाचं नाय ना?"

"नाही ग. घे तू."

तिने डोळे मिटून पेला रिकामा केला आणि तोंड वाकडे केले. त्याने दुसरा पेला भरला. औषध एकदाच घेऊन गुण येत नाही, असे तो म्हणाला. मग तिसरा. मीही दोन घेतले. मला ताप नव्हता. थोड्या वेळाने ती जायला उठली. डोक्यावर ठेवू लागली तो कापडाची चुंबळ खाली पडली. वाकून उचलायला गेली तर हात चुंबळीपर्यंत पोचेना. ती खांबाला पाठ लावून बसली आणि काहीतरी बोलली. ते मला कळले नाही, आणि तिलाही कळले असेल असे वाटत नाही.

तिला वाडीवर पोचवायला हवे, असे माझ्या मनात आले. मग असेही आले की उकडते फार आहे. मी पंचा उचलला.

"तू हो पुढे," सेक्रेटरी म्हणाला. "मी येतोच."

तो आला नाही. मी पाताळगंगेच्या डोहात तासभर पोहलो. पाणी चांगले होते.

परत आलो तेव्हा ती अंगणातल्या आंब्याखाली बसलेली होती आणि तिच्या सासूने तिला धरले होते. सून वेळेवर आली नाही म्हणून म्हातारी शोधत खाली उतरली होती. सेक्रेटरी घरात होता. दार बंद होते. काय झाले हे मला कोणी सांगितले नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. म्हातारीने माझ्याकडे पाहिले.

"तू हुतास हितं?"

"मी नदीवर होतो."

"त्याच्या आदी?"

मी घरात गेलो.

गावच्या पाटलाने सासूसुनांना घरी जायला सांगितले. त्या घरी गेल्या नाहीत. त्या खालापूरला गेल्या आणि महालकरी, जे मॅजिस्ट्रेटही होते, दौऱ्यावरून परत येईपर्यंत दोन दिवस कचेरीच्या ओसरीत बसून राहिल्या. फिर्याद जबरीसंभोगाची होती. पोलिसांनी माझा जबाब घेतला तेव्हा मी म्हणालो, "मी नदीवर होतो." वाक्य पूर्णपणे खरे होते. कायदा शिकत असल्याशिवाय असे वाक्य सुचत नाही.

सेक्रेटरी जामिनावर सुटून आला तेव्हा आम्ही त्याच ओट्यावर बसलो.

"ती नको म्हणाली नाही," तो म्हणाला.

"काही म्हणाली का?"

"नाही."

"मग हो तरी कुठे म्हणाली?"

"लेका, तू कोणाच्या बाजूचा आहेस?"

त्या वेळी बाई शुद्धीवर नव्हती हे पाहणारा माझ्याशिवाय जगात दुसरा माणूस नव्हता, हे त्यालाही माहीत होते. मी काही पाहिले नसेल तर फिर्याद म्हणजे मोळीवालीचा शब्द आणि पदवीधराचा शब्द. त्यांतला कोणता जड ठरेल, हे समजायला कायदा शिकावा लागत नाही.

चौकशी खालापूरच्या कचेरीत सुरू झाली. मामांनी मुंबईहून वकील आणले होते. मे महिन्यात काळा कोट घालून ते घामाने निथळत होते, पण त्यांनी तो उतरवला नाही. बाईने सांगितले ते चार वाक्यांत संपले. औषध म्हणून दिले. मग हात उचलेना. मग कळत होते पण ओरडता येईना. मग सासू आली. वकिलांनी तिला फारसे विचारले नाही. त्यांच्याजवळ अधिक विद्वत्तेचा मुद्दा होता. त्यांनी कुठेतरी वाचले होते की डोंगरातल्या लोकांत विधवेचा पाट लावताना दारू देतात, आणि बाईने पेला घेतला म्हणजे तिने होकार दिला. रीतीप्रमाणे होकार होता, निदान आरोपीने तसे समजणे स्वाभाविक होते, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी रीत सिद्ध करायला म्हातारीलाच उभे केले.

"तुमच्यात पाटाच्या वेळी दारू देतात की नाही?"

"देत्यात."

"आणि बाईनं पेला घेतला म्हणजे होकार झाला. बरोबर?"

"येवडं सोपं आसतं तर माज्या धाकट्याला तीन वर्सं बायकू का नाय मिळाली?"

कचेरीत लोक हसले. महालकऱ्यांनी टेबलावर पेन्सिल आपटली आणि म्हणाले, "बाई, रीत काय ते नीट सांगा."

"सांगतो की, रावसाहेब. दारू त्यानं आनायची. आमच्या आंगनात आनायची, दिसाउजेडी. पंच बसत्यात. कशाची दारू हाय, ते आदी बोलायचं. दारूला औषीद म्हनलं तर आमी त्या मानसाला हाकलतो. मंग बाई पेला घेती. पंच इचारत्यात. ती व्हय म्हनती."

"म्हणजे झालाच होकार," वकील म्हणाले.

"कुटं झाला? त्या दिशी आमी धरत नाय."

"का?" हे महालकऱ्यांनी विचारले.

"प्यालेली आसती ना, बाबा! प्यालेलं मानूस कायबी म्हनतं. सकाळी तोंड धुतल्यावर तिची आय, नायतर सासू, परत इचारती. तवा व्हय म्हनली तर व्हय."

वकिलांना इथे थांबता आले असते. पण त्यांना गंमत करावीशी वाटली. "आणि सकाळी नाही म्हणाली तर? दारू तर सगळ्यांनी पिऊन टाकलेली!"

"दारू ज्यानं आनली त्याची गेली," म्हातारी म्हणाली. "बाई कुटं गेली?"

महालकऱ्यांनी पीनल कोड मागवले. पाने उलटून नव्वदावे कलम काढले, एकदा मनात वाचले आणि मग कचेरीला मराठीतून समजावून सांगितले: नशेमुळे ज्याला आपण कशास संमती देतो हे कळत नाही, त्याची संमती ही संमती नव्हे. हे कलम मला तोंडपाठ होते. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता आणि परीक्षकाने माझ्या उत्तराची तारीफ केली होती. म्हातारीने तेच सांगितले होते, फक्त तिच्या आवृत्तीत तोंड धुण्याची सोय जास्तीची होती. वकिलांनी रीत स्वतःच पुराव्यात आणलेली असल्यामुळे ती अडाणी आहे असेही त्यांना म्हणता येईना. त्यांनी रुमालाने मान पुसली. माझी साक्ष दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवली गेली.

त्या दिवशी दिवेलागणीला मामांनी मला आपल्या शेजारी बसवून घेतले. बाटली फडताळावरून खाली आली.

"तू घरच्यासारखा," ते म्हणाले आणि पेला भरला. "इतके दिवस आमरस खाल्लास, तुला काही कमी केलं का आम्ही?"

"नाही, मामा."

"पोराचं आयुष्य आहे. पुढे हायकोर्टात जाईल. तू काही पाहिलं नाहीस, हो ना?"

"हो."

दुसरा पेला भरला. "उद्या तसंच सांगशील?"

"हो, मामा."

तिसऱ्या पेल्याला त्यांनी पुन्हा विचारले आणि मी पुन्हा हो म्हणालो. ते समाधानाने झोपायला गेले. मलाही त्या वेळी ते सगळे बरोबर वाटत होते. पोराचे आयुष्य होते, आमरस खाल्लेला होता, आणि नदीवर तर मी गेलोच होतो.

सकाळी मी आडावर तोंड धुतले. परत विचारायला कोणी आले नाही. आमच्यात तशी रीत नाही.

कचेरीत महालकऱ्यांनी विचारले, "तुम्ही नदीवर गेलात, त्याआधी बाई कोणत्या अवस्थेत होती?"

"तिला उभं राहता येत नव्हतं. चुंबळ खाली पडली होती, तीही तिला उचलता येत नव्हती. ती काय बोलत होती ते तिलाच समजत होतं असं मला वाटलं नाही."

"तिला काय पाजलं?"

"ब्रँडी. तीन पेले. औषध म्हणून."

"कोणी?"

मी बोट दाखवले. सेक्रेटरी माझ्याकडे बघत होता. पाऊण तास बोलू शकणारा माणूस, पण त्या वेळी त्याने फक्त मान थोडी हलवली, जणू मी वादाचा एखादा मुद्दा चुकीचा मांडला होता.

"ती उभी राहू शकत नाही हे पाहिल्यावर तुम्ही काय केलंत?" महालकऱ्यांनी विचारले.

"अंघोळ."

कारकुनाने ते लिहून घेतले. नंतर जबाब मला वाचून दाखवण्यात आला आणि बरोबर असल्याबद्दल मी सही केली.

बाहेर मामांनी मला गाठले. "काल हो म्हणालास! तीन वेळा!"

"काल मी प्यायलेला होतो, मामा."

ते गाडी जुंपवून माझ्याआधी घरी निघाले. माझी ट्रंक मी घरी पोचायच्या आधीच रस्त्यावर येऊन पडली होती. ती गाडीत टाकून मी कर्जतला आलो. त्याआधी कचेरीच्या ओसरीवरून निघताना सासूसुना पायरीवर बसलेल्या दिसल्या. सून खाली बघत होती. म्हातारी मला म्हणाली, "आदी का नाय सांगितलंस?" आभार वगैरे नाही. ते योग्यच होते.

खटला सेशन कोर्टात गेला. जज्जाला आपले मत सांगायला असेसर म्हणून दोन प्रतिष्ठित गृहस्थ बसले होते, त्यांतले एक दुपारी झोपत. दोघांनीही आरोपी निर्दोष असल्याचे मत दिले. एवढा शिकलेला मुलगा असे करणार नाही, हे त्यांचे कारण. जज्जसाहेबांनी त्यांचे मत अदबीने ऐकले, बाजूला ठेवले आणि पाच वर्षांची सक्तमजुरी दिली. बाईला निकाल समजावून सांगितला तेव्हा तिने एवढेच विचारले की आता पुन्हा यावे लागेल का. नाही म्हटल्यावर ती गेली.

पावसाळ्यात कॉलेज उघडले. वादविवाद मंडळाची सभा भरली आणि सेक्रेटरीची जागा रिकामी असल्यामुळे इतिवृत्त लिहायचे काम माझ्याकडे आले. मंडळाच्या नियमाप्रमाणे मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करावे लागे. मी ते वाचले: शिक्षणाने मनुष्यास दुसऱ्याच्या संमतीची किंमत कळते. अध्यक्षांनी कोणाची हरकत आहे का, असे विचारले. कोणाची नव्हती. मी तोंड उघडले होते, पण तोपर्यंत ते पुढच्या विषयाकडे वळले होते. इतिवृत्त एकमताने कायम झाले. सूचकाच्या नावापुढे गैरहजेरीचे कारण लिहायचा रकाना होता. अध्यक्षांनी सांगितले तसे मी लिहिले: परगावी.