समान हक्कांचा धडा

पऱ्हाटीवर, कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, भाजलेल्या वांग्यांच्या वासाने ऐंशीच्या दशकातली दोंडाईचाजवळची माझी शाळा आठवते. शाळेच्या दुरुस्तीसाठी शिक्षणाधिकाऱ्यांना पत्रे लिहून मी थकलो होतो. शिकवण्यात जीव उरला नव्हता. राजीनाम्याच्या बेतात असताना एकदा मी समान हक्कांचा धडा नुसता वाचून दाखवत होतो, तेव्हा एका मुलीने विचारले, "गुरुजी, हाई खरं शे का? मंग आबा मनी शाळा का बंद करी राहिनात?" वडील तिची शाळा बंद करताहेत हे ऐकून संतापलेला मी त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेलो. मी कायदा सांगू लागताच अंगणात वांगी भाजत बसलेले आबा म्हणाले, "मास्तर, माले कोर्टात लई जाशात का?" "नेईन. तत्पूर्वी कारण सांगा." त्यांनी वांगी उलटवली. "कारण इचाराले आजवर कोनी उना नही. बठा, भरीत खाईसन जा. पोर येई उद्या." दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून मी तोच धडा पहिल्यापासून शिकवला. राजीनाम्याचा विचार पुढे आलाच नाही असे नाही. पण दर वेळी तासाची घंटा आधी वाजली.