मामांनी रोटियाकडे मागितलेली गोष्ट

नेई रोटिया गेल्या महिन्यात महान्यायवादी पदावरून निवृत्त झाली. तिच्या ऑफिसातल्या मुलींनी मला तिच्याविषयी काही लिहून द्यायला सांगितलं. मी कोर्टाचा कारकून. तीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेतलं, स्वतःचं असं काही लिहिलं नाही. म्हणून जे पाहिलं तेवढंच लिहितो.

ती माइयाना बेटावरची. तिची आई लवकर गेली. मग मामांनी, तेन काउटूंनी (आमच्यात पुरुषाच्या नावाआधी तेन, बाईच्या नावाआधी नेई लावतात), तिला तिच्या बापाकडून मागून घेतलं आणि स्वतःच्या घरी वाढवलं. मामांचे तिघे मुलगे शाळेत रमले नाहीत, ही रमली. राजधानीत, तारावाच्या मोठ्या शाळेत नाव लागलं तेव्हा मामांनी तिला आपल्याच बोटीतून पोचवलं. पुढे व्हानुआतूला जाऊन ती कायदा शिकली आणि परत येऊन जनतेची वकील झाली, म्हणजे गरिबांचे खटले फुकट चालवणारी सरकारी वकील.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते ताबितेउएआ बेटावर, कोर्टाच्या फेरीवर. दोन भावांचा जमिनीचा दावा होता. थोरल्या भावानं तिला खालीवर न्याहाळलं.

"पोरी, तू वकील का वकिलाची बायको?"

"वकिलाची बोट चुकली, आजोबा. आज माझ्यावर भागवा."

म्हातारा हसला. मग ती दोघा भावांना घेऊन भर उन्हात हद्दीवरून चालत गेली. प्रत्येक माडापाशी थांबून विचारायची, हा कुणी लावला. बाकीचे वकील सावलीत बसून नकाशा मागत. संध्याकाळपर्यंत भावांना स्वतःलाच कळलं की भांडण अकराच माडांचं आहे. दावा मिटला.

अशी दहा-बारा वर्षं गेली. मग ती सरकारची बाजू मांडणाऱ्या वकिलांत गेली, आणि जुने महान्यायवादी, ते परदेशी होते, मायदेशी परत गेले तेव्हा तिला हंगामी म्हणून त्यांच्या खुर्चीवर बसवलं. कायम करायचं की नाही, ते मंत्रिमंडळ सहा महिन्यांनी ठरवणार होतं.

त्याच सहा महिन्यांत मामांची बोट वाहवत गेली.

बोटीला बारा माणसांचा परवाना होता. चर्चच्या जेवणासाठी तारावाच्या बेटिओला यायचं म्हणून मामांनी तेवीस घेतली. मध्येच इंजिन बंद पडलं. दोन दिवस लोक समुद्रात होते, मग एका मासेमारी जहाजाला दिसले. सगळे जिवंत परतले, पण पोलिसांनी खटला भरला. रोटियानं पहिल्याच दिवशी ती फाइल आपल्या हाताखालच्या वकिलाकडे सोपवली आणि परत हात लावला नाही. पण खटला मागे घ्यायचा असेल तर त्या कागदावर महान्यायवाद्याचीच सही लागते. हे सगळ्या माइयानाला माहीत होतं.

एका शनिवारी मी तिच्या घरी कागद द्यायला गेलो होतो. मामा आले आणि चटईवर बसले. बरोबर आणलेली बाबाईची पिशवी त्यांनी पुढे सरकवली. बाबाई म्हणजे आमच्या खड्ड्यांत वाढणारा कंद, तो उगाच कुणी आणत नाही. मी उठायला लागलो.

"बस रे," मामा म्हणाले. "तूही गावचा जावई. ऐकलंस तर बिघडत नाही." मग तिच्याकडे वळले. "पोरी, कुणी मेलं का?"

"नाही, मामा."

"कुणी बुडालं?"

"नाही."

"मग झालं तर. तुला मी तुझ्या बापाकडून मागून आणली. आज तुझ्याकडे मागतो. तो खटला मला दे."

आमच्यात याला बुबुसी म्हणतात. नातलगानं अशा शब्दांत मागितलं की नाही म्हणायचं नसतं. अंगातला शर्ट मागितला तरी काढून द्यायचा. जो नाही म्हणेल त्याच्या दारात पुन्हा कुणी नातलग येत नाही. मी माझं सगळं आयुष्य या रीतीत काढलं आहे. एकदा मेव्हण्याला सायकल देऊन वर्षभर पायी कोर्टात गेलो. पण खटला मागितलेला कधी ऐकला नव्हता. सही केली तर खुर्ची तर जाणारच, आणि आपण त्या खुर्चीच्या लायक नव्हतो हे तिला स्वतःलाही पटणार. नाही केली तर ज्यानं वाढवलं त्याच्या घराला ती मुकणार.



"ऐकलं, मामा," ती म्हणाली. "गावच्या मानेआबात येते आणि तिथं बोलते."

मामांना ते आवडलं नाही. देणारा लगेच देतो. पण तिनं नाही म्हटलं नव्हतं, त्यामुळे त्यांनाही काही बोलता येईना.

तीन आठवड्यांनी सुनावणी होती. सुनावणीच्या आधीच्या रविवारी रोटिया माइयानाला गेली. माझी बायको त्याच गावची, म्हणून मीही गेलो आणि जावयांच्या जागी बसलो. मानेआबा म्हणजे गावाची सभेची मोठी शाकारलेली छपरी. तिथं प्रत्येक घराण्याची बसायची जागा ठरलेली असते. मामा आपल्या खांबापाशी पुढे बसले होते. रोटिया बायकांत, त्यांच्या मागे. तारावाला मंत्री तिचं ऐकत असतील, इथं बोलण्याचा मान मामांचा.

जेवणं झाली. गावातला सगळ्यांत म्हातारा, तेन बाउरो, दात कोरत म्हणाला, "काय गं, हंगामी महान्यायवादी म्हणजे काय? अर्धी?"

"अर्धीच, आजोबा. उरलेली अर्धी मंत्री ठरवणार."

लोक हसले. हसू ओसरल्यावर ती बसल्या जागेवरूनच, आवाज न चढवता म्हणाली, "मामा, मी तुमच्याकडे मागते."

मामांनी मान वळवली नाही. "काय?"

"त्या शनिवारी तुम्ही माझ्याकडे जे मागितलंत, ते मागणं मला द्या."

छपरीत कुजबुज सुरू झाली. मामांनी ते दिलं की खटला मागायचा त्यांचा हक्क संपला, आणि तिच्यावर नाही म्हणायची वेळच येत नाही. मामांचा धाकटा भाऊ तावातावानं म्हणाला, "मागणं कुणी मागतं का? हे कुठल्या कायद्यात शिकलीस?"

"कायद्यात नाही, धाकटे मामा. आपल्यात आहे का, ते म्हाताऱ्यांनी सांगावं."

मग तासभर वाद चालला. कुणी म्हणालं ही पळवाट आहे. कुणी म्हणालं शहरात राहून पोरगी धीट झाली. सगळ्यांच्या शेवटी तेन बाउरो बोलला. "आपण जमीन मागतो. नाव मागतो. लेकरू मागतो. ही स्वतः मागून आणलेली आहे. मग मागणं का मागू नये?" मग मामांकडे वळून म्हणाला, "काउटू, कानावर आलं ना?"

"बहिरा नाही मी."

"मग?"

मामांनी खांबावर हात टेकला. त्यांच्या पाठीवरून मला काही कळलं नाही. शेवटी म्हणाले, "घे." आणि जरा वेळानं, "ने तुझं तू."

सुनावणीला मामांनी वकील घेतला नाही. दंडाधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "तेवीस होते. मीच मोजून घेतले." मी ते तसंच लिहून घेतलं. दंड झाला आणि परवाना दोन वर्षांसाठी गेला. बोट किनाऱ्यावर ओढून ठेवली.

चार महिन्यांनी रोटिया कायम झाली. शपथेच्या दिवशी माइयानाहून पुष्कळ लोक आले. मामी आल्या, मामा नाहीत. पाय दुखतो असं सांगितलं. त्यानंतर मामांनी तिच्याकडे काही मागितलं नाही. तारावाला आले तर दुसऱ्या भाचीकडे उतरायचे, साखर लागली तरी त्या भाचीकडेच मागायचे. आमच्यात हे भांडणापेक्षा वाईट. भांडण निदान ऐकू येतं. रोटिया सुट्टी मिळेल तेव्हा माइयानाला जायची, मामा नीट बोलायचे, जेवू घालायचे आणि काहीही न मागता तिला बोटीपर्यंत पोचवायचे. एकदा कोर्टात तिनं मला विचारलं, "मामांना कशाची गरज आहे, तुम्हाला काही कळतं का?" मी म्हणालो, कळलं तर सांगेन. मला काही कळलं नाही.

दीड वर्षानं एकदा सकाळी तारावाच्या बाइरिकीला, जिथं सरकारी कचेऱ्या आहेत, आम्ही दोघं ऑफिसच्या पायऱ्यांशी बोलत उभे होतो. तिला मंत्रिमंडळाच्या बैठकीला जायचं होतं. अंगात चांगला लांब पोशाख होता आणि पायात नवे सँडल. मामा रस्त्यावरून आले. आमच्यापाशी थांबले. तिच्या पायांकडे बघितलं.

"हे मामीला होतील," ते म्हणाले.

"होतील, मामा."

"मग मी मागतो."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिनं वाकून सँडल काढले होते. मामांनी ते उलटे करून तळ पाहिले, एकमेकांवर आपटून वाळू झटकली आणि काखेत धरले. "टाच जरा उंच आहे," ते म्हणाले, "पण चालेल." आणि बोटीच्या दिशेनं गेले.

मी म्हणालो, माझ्या चपला घालून जा. ती नको म्हणाली, आणि तशीच अनवाणी बैठकीला गेली.