मुदस्सिर कोणासारखा खेळतो?

फकीह घराण्यात लग्न निघालं की मुदस्सिरला मागणी यायची, आणि तीही तो पाच-सहा वर्षांचा असल्यापासून. हळदीच्या दिवशी जेवणं उरकली की बायका त्याला मधोमध उभा करायच्या. "कर रे, मामूंची चाल कर!" तो एक खांदा पाडून मामूंसारखा चालायला लागला की मामूंसकट सगळे पोट धरून हसायचे. त्याचे अब्बा, भिवंडीतले यंत्रमाग कारखानदार सादिक फकीह, कुणाला नाही म्हणायच्या आधी दोनदा खाकरत. मुदस्सिर तेही करून दाखवायचा, अगदी त्यांच्यासमोर. अब्बा दोनदा खाकरून "पुरे आता" म्हणायचे, आणि मग कुणाचं हसू आवरायचं नाही.

कॉलेजात असताना चुलतभाऊ अरशदनं त्याला सायबर कॅफेत नेलं आणि तिथं त्याला तो खेळ भेटला. दोघांनी समोरासमोर बसायचं. दोघांना एकेक ओसाड गाव मिळतं. माणसं कामाला लावायची, लाकूड तोडायचं, सोनं खणायचं, फौज उभी करायची आणि समोरच्याचा किल्ला पाडायचा. बुद्धिबळासारखी आळीपाळी नाही; सगळं एकाच वेळी चाललेलं. तुम्ही डोकं खाजवत बसलात तर तेवढ्यात समोरचा तुमच्या दारात.

मुदस्सिरचा हात विजेसारखा चालायचा. तीन वर्षांत तो एका संघाचा पगारी खेळाडू झाला. पण गाडी तिथंच अडली. देशातल्या स्पर्धांत दहावा, बारावा. त्याच्या वर काही केल्या जाईना. ज्या खेळाडूचे सामने पाहायचा, दुसऱ्या दिवशी तसाच खेळायचा. प्रशिक्षक वैतागून म्हणायचे, "अरे, आज तू कोण आहेस?"

मग एके दिवशी फिनलंडच्या एलियासशी त्याची ऑनलाइन गाठ पडली. एलियास जगातल्या पहिल्या पाचांतला. मुदस्सिर हरला, पण खेळ संपल्यावर एलियासनं लिहिलं, 'तू हुबेहूब त्या कोरियन पोरासारखा खेळतोस. पुढच्या महिन्यात माझा सामना त्याच्याशी आहे. तोवर रोज माझ्याशी त्याच्यासारखा खेळशील?'

मुदस्सिर खेळला, आणि एलियासनं तो सामना जिंकला. एलियास तर त्याचं कायमचं गिऱ्हाईक झाला, आणि ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. ब्राझीलहून, पोलंडहून निरोप यायला लागले: अमक्यासारखा खेळ, तमक्यासारखा खेळ. मुदस्सिर त्या खेळाडूचे शंभरेक सामने बघायचा, तो कधी घाबरतो, कधी हावरटपणा करतो ते टिपायचा आणि आठवड्याभरात तो माणूस होऊन बसायचा.

अब्बांना मात्र हे कुणाला सांगायचं कसं, तेच कळेना. "लोक विचारतात, पोरगा काय करतो. मी काय सांगू? दुसऱ्यासारखा खेळतो?"

"अब्बा, व्यापारी कापडाचा तुकडा आणून देतो, तेव्हा तुमचा मास्टर काय करतो?"

"भिंग लावून धागे मोजतो. तसंच कापड लूमवर काढून देतो."

"मी तेच करतो."

अब्बांनी आपल्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे हुन्नरी काम आहे की!" त्या दिवसापासून ते कारखान्यात सगळ्यांना छाती काढून सांगू लागले, की आमचा मुदस्सिर सॅम्पल मास्टर आहे, परदेशातली गिऱ्हाइकं आहेत त्याची.

गेल्या वर्षी बेंगळुरूला मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. एका खेळाडूला ऐन वेळी व्हिसा मिळाला नाही, आणि राखीव म्हणून मुदस्सिरला बोलावणं आलं. पहिला सामना तो त्या कोरियन पोरासारखा खेळून जिंकला, दुसरा एका पोलिश खेळाडूसारखा. तिसऱ्याला समोर एलियास. तीनपैकी दोन डाव जिंकायचे.

 चार वर्षं ज्याच्यासाठी सगळी सोंगं काढली, त्याला ती सगळी पाठ होती. सामन्याच्या सकाळी मुदस्सिरनं बायकोला फोन लावला. माजिदा शाळेत गणित शिकवायची. मधल्या सुट्टीत तिनं फोन उचलला.

"कोणासारखा खेळू, तेच कळत नाही गं."

"तुझ्यासारखा खेळ ना!"

"मी कसा खेळतो, ते मला कुठं माहीत आहे?"

माजिदा हसायला लागली. "आपल्या लग्नात अरशदनं तुझी नक्कल केली होती, विसरलास? तू बाजारात घासाघीस करतोस ती? या दुकानात भाव विचारायचा, त्या दुकानात जायचं, परत यायचं, पोराबाळांची चौकशी करायची, निघाल्यासारखं करायचं, पुन्हा यायचं. शेवटी दुकानदार कंटाळून म्हणतो, घेऊन जा बाबा! तसा खेळ. समोरच्याला पीळ."

पहिला डाव तो जुन्या सवयीनं खेळला आणि पंधरा मिनिटांत हरला. दुसऱ्या डावाला मात्र त्यानं मोठी फौज बांधलीच नाही. चार माणसं इकडे पाठवली, पाच तिकडे. एलियासच्या लाकूडतोड्यांना डिवचलं आणि पळाला. तो मागं लागला की दुसऱ्या बाजूनं सोन्याच्या खाणीवर हजर. पुन्हा पळाला, पुन्हा आला. एलियास आपली भलीमोठी फौज घेऊन या टोकाहून त्या टोकाला धावत राहिला, आणि तेवढ्यात मुदस्सिरनं त्याचं अर्धं गाव जाळलं. पगारी खेळाडू झाल्यापासून पहिल्यांदाच मुदस्सिर खेळताना हसत होता. त्याला कुणाची आठवण ठेवावी लागत नव्हती.

तिसरा डाव पन्नास मिनिटं चालला. शुक्रवार असल्यानं भिवंडीत लूम बंद होते. जुम्म्याची नमाज उरकून अब्बा अन् सगळे कारागीर एका मोबाइलभोवती बसले होते. खेळ कुणाला धड कळत नव्हता, पण "भाग! भाग! अब वापस जा!" असा गलका चालला होता. शेवटी एलियासनं हेडफोन काढून हात पुढं केला, तेव्हा अब्बांनी शेजारच्या, सूत गुंडाळणाऱ्या कांडीवाल्याला अशी मिठी मारली, की त्याचा चष्माच वाकडा झाला.

मंचावर एलियासनं मुदस्सिरला विचारलं, "हा कोण होता? याला मी कधी पाहिलं नाही."

"आहे एक भिवंडीचा," मुदस्सिर म्हणाला. "मीही आजच पाहिला."

उपांत्य सामन्यात त्याला एका चिनी मुलीनं सरळ दोन डावांत धूळ चारली. पण पुढच्या स्पर्धेचं थेट बोलावणं त्याच्या खिशात होतं, आणि ते राखीव म्हणून आलेलं नव्हतं.

घरी आला तेव्हा अम्मीनं तांदळाच्या भाकऱ्या आणि कोळंबीचं सालन केलं होतं. अब्बा त्याच्या शेजारी बसले. "त्या पोरीशी हरलास कसा, ते सांग. डाव्या बाजूला पहारा का नव्हता ठेवला?"

"अब्बा, तुम्हाला डावी बाजू कुठली, ते तरी कळलं का?"

"मी चारही सामने पाहिलेत," अब्बा म्हणाले आणि ताटातल्या भाकरीच्या तुकड्यांची फौज मांडून दाखवायला लागले. माजिदानं त्यांची चूक काढली, अम्मीनं माजिदाची, आणि कोळंबी संपेपर्यंत तो डाव त्या घरात चारदा खेळला गेला.