थांबत थांबत लिहिणारी टेप

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. सातपूरला साचे बनवणाऱ्या एका कारखान्यात मला नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. डिझाइन विभागात युनिक्सवर चालणारा एक सर्व्हर होता, तो सांभाळायचं काम माझं. कारखान्याची सगळी ड्रॉइंग्ज त्याच्या डिस्कवर होती. डिस्क गेली तर सगळंच जाणार, म्हणून दर शुक्रवारी त्यांची नक्कल टेपवर उतरवायची. शनिवारी एमआयडीसीला सुट्टी, वीज बंद; रविवारी आमचा विभाग बंद. त्यामुळे शुक्रवार चुकवून चालायचं नाही.

ही नक्कल उतरवायला सहा तास लागत. तेवढा वेळ सगळ्यांनी आपापली ड्रॉइंग्ज बंद करून बसायचं. आमचे मुख्य ड्राफ्ट्समन निवृत्तीला आलेले, तीस वर्षं बोर्डावर शाईनं काम केलेले. ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुमची टेप आमचा अख्खा शुक्रवार खाते."

मशीन पुरवणाऱ्यांचा माणूस येऊन पाहून गेला. "टेप चालवणारा ड्राइव्ह जुना झालाय, नवा घ्या," म्हणाला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"दोन शुक्रवार द्या मला," मी म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले, ते मलाही ठाऊक नव्हतं. ड्राइव्हचा आवाज तेवढा खटकत होता. घर्र करून टेप चालायची, थांबायची, खट् करून जराशी मागे जायची, की पुन्हा घर्र.

रविवारी मनमाडला घरी गेले. वडील मालगाडीचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. जेवताना त्यांना तो आवाज तोंडानं काढून दाखवला. ते हसले. "अगं, भरलेली मालगाडी सिग्नलला थांबली ना, की थांबण्यात नाही जात वेळ. पुन्हा वेग घेण्यात जातो. तुझी गाडी थांबवतंय कोण, ते बघ."

सोमवारी तेच शोधायला बसले. हजारो लहान लहान फाइली डिस्कवरून एकेक करून येत होत्या. हातातला तुकडा लिहून झाला की टेपला पुढचा मिळेपर्यंत थांबावं लागे. मग थोडं मागे जाऊन पुन्हा वेग घ्यायचा. ड्राइव्ह धीमा नव्हताच. मीच त्याला उपाशी ठेवत होते.

पहिल्या शुक्रवारी कमांडमध्ये तुकड्याचं माप, म्हणजे ब्लॉक, मोठं केलं. सहाचे साडेचार तास झाले. खट् खट् कमी झालं, पण थांबलं नाही. दुसऱ्या शुक्रवारी कपाटात पडून असलेली एक डिस्क जोडली, सगळ्या फाइली आधी तिच्यावर एकाच मोठ्या फाइलीत गोळा केल्या आणि तिथून सलग टेपवर सोडल्या. गोळा करायला सव्वा तास लागला, तेवढाच वेळ ड्रॉइंग्ज बंद. मग लोक कामाला लागले आणि टेप एकसुरात चालत राहिली. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. एकदाही खट् झालं नाही.

ड्राफ्ट्समन शेजारी येऊन उभे राहिले. "लिहिलं भराभर. वाचता येतंय का? एक ड्रॉइंग काढून दाखवा बरं."

टेप पुन्हा आत घातली. पडद्यावर चूक आली. पुन्हा केलं, पुन्हा तीच चूक. मागे कोणीतरी हसलं. ड्राफ्ट्समन मात्र हसले नाहीत. "सोमवारी दाखवा," एवढंच बोलून गेले.

शनिवार-रविवार मी युनिक्सचं जाडजूड मॅन्युअल घेऊन बसले. चूक सापडली तेव्हा स्वतःचाच राग आला. टेप मोठ्या ब्लॉकनं लिहिली होती आणि वाचताना कमांडमध्ये जुनं लहान माप तसंच राहिलं होतं. तेवढा मोठा तुकडा तिथे मावतच नव्हता.

सोमवारी सकाळी सगळे यायच्या आत ब्लॉकचं माप बदललं आणि ड्राफ्ट्समन आल्यावर त्यांनाच खुर्चीत बसवलं. एका साच्याचं ड्रॉइंग टेपवरून परत आलं. त्यांनी जुना कागद शेजारी धरून एकेक माप ताडून पाहिलं. त्यात वीस मिनिटं गेली.

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि मग साहेबांच्या केबिनकडे वळून मोठ्यानं, "नवा ड्राइव्ह नको!"

मी प्रत्येक टेपच्या लेबलवर ब्लॉकचं माप लिहायला घेतलं. पुढे सर्व्हर बदलले, टेपा बदलल्या, पण एखादं ड्रॉइंग परत काढून बघितल्याशिवाय मी शुक्रवारी घरी गेले नाही.