पर्सी स्ट्राइडचा दोर

आता शिपाई विमानानं जातात, त्यामुळे साउदॅम्प्टनच्या धक्क्यावर पर्सी स्ट्राइडसारखी माणसं फारशी उरली नाहीत. पर्सीचं काम सांगायला सोपं होतं. बोट आली की वरून भिरकावलेली पातळ दोरी झेलायची, तिच्या मागचा जाडजूड दोर ओढून घ्यायचा आणि धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला अडकवायचा. बोट निघाली की तोच दोर सोडायचा. याला डोकं लागत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा करून बघावं.

चौदा सालच्या लढाईआधी तो कामाला लागला. मग लढाई आली आणि श्रीमंतांच्या सफरीच्या बोटींना करडा रंग फासून त्यांत पलटणी भरल्या गेल्या, घोडे आणि खेचरंसुद्धा. त्याच बोटी उरलेल्यांना घेऊन परत आल्या. दुसऱ्या लढाईत पुन्हा तेच. पुढे शांतता झाली म्हणतात, पण शिपाई जातच राहिले. फक्त बोटी पुन्हा पांढऱ्या झाल्या आणि त्यांच्या अंगावर निळा पट्टा आला. आत मात्र जुनाच संसार. ज्या टेबलावर जेवायचं त्याच्याच वर झोळी टांगून झोपायचं. बँड वाजायचा, बायका रडायच्या आणि पर्सी खुंटाकडे बघत असायचा.

तिथल्या बायकांचा एक नेम होता. हात हलवायचा, पण बोट वळली की पाठ फिरवून चालू लागायचं. बोट दिसेनाशी होईपर्यंत जो बघतो, त्याचं माणूस परत येत नाही. पाद्रीबुवा याला खुळचटपणा म्हणायचे, पण युद्धात मुलाला निरोप देताना त्यांची बायकोही पाठ फिरवूनच घरी आली होती. पर्सी या नेमाला हसायचा. त्याला काय, दोर सोडला की तो चहा प्यायला मोकळा.

एकावन्न साली त्याच्या एकुलत्या एक मुलाला, रे त्याचं नाव, सक्तीच्या लष्करी नोकरीचं बोलावणं आलं. पलटण मलायाच्या जंगलातल्या लढाईला निघाली होती आणि बोट लागणार होती पर्सीच्याच धक्क्याला.

"त्या दिवशी तू दोराला हात लावायचा नाहीस," बटाटे सोलता सोलता त्याची बायको एल्सी म्हणाली.

"का? हात मोडलेत माझे?"

"पोराचा दोर बापानं सोडायला नको. उद्या काही झालं तर मला तुझे हात बघवणार नाहीत."

पर्सीनं मुकाट्यानं होरेस टबशी पाळी बदलली. होरेस त्याचा जुना जोडीदार.

"बिअर पाजावी लागेल," होरेस म्हणाला.

"पाजतो. पण दोर जरा हळू सोड."

"दोर हळू सुटतो का कधी? मला शिकवतोस होय?"

त्या दिवशी पर्सी ठेवणीतला सूट घालून गर्दीत उभा राहिला. ही गर्दी त्यानं जन्मभर पाठीमागे नुसती ऐकली होती. तिच्यात कसं उभं राहायचं, हातांचं काय करायचं, त्याला कळेना.

वरच्या कठड्यावरून रे ओरडला, "बाबा, आज दांडी मारलीत?"

"तुझ्या आईनं मारायला लावली."

आजूबाजूचे हसले. होरेसनं दोर सोडला. बोट वळली तशी एल्सीनं पाठ फिरवली. "चल," ती म्हणाली. "येतो," म्हणाला आणि पर्सी तिथंच उभा राहिला. आधी चेहरे गेले, मग निळा पट्टा गेला, मग धुराडं. धूरही विरला तेव्हा आपण काय करून बसलो हे त्याच्या लक्षात आलं.

फाटकापाशी एल्सी ताटकळत होती. "इतका वेळ?"

"होरेसशी बोलत होतो."

नेमाला हसणारा हा माणूस त्यानंतर दारावरच्या थापेला दचकू लागला. रेची पत्रं यायची, त्यांत जळवा आणि पाऊस. हिवाळ्यात एक पत्र आलं ते इस्पितळातून, दुसऱ्याच्या हातचं, तापाविषयी. त्यानंतर काहीच नाही. वसंत आला तशी पलटण परत येतेय अशी बातमी लागली. रे त्या बोटीवर आहे की नाही, कुणी सांगेना.

आदल्या संध्याकाळी पर्सीला राहवलं नाही. "एल्सी, त्या दिवशी मी होरेसशी बोलत नव्हतो."

"माहीत आहे. होरेस केव्हाच फाटकातून गेला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर खरं झालं असतं." तिनं त्याच्या कपात चहा ओतला. थोडा बशीत सांडला. "उद्या दोर तूच धर. दुसऱ्या कुणाला धरू देऊ नकोस."

सकाळी बोट धक्क्याला येऊ लागली. कठडा माणसांनी भरला होता, सगळी उन्हानं रापलेली, सगळी एकसारखी. वरून दोरी सुटली. पर्सीनं आजवर एकही दोरी चुकवली नव्हती. ही त्याच्या खांद्यावरून गेली आणि पाण्यात पडली.

"आंधळा झालास काय?" होरेस ओरडला.

"नाही," वर बघत पर्सी म्हणाला. "दिसला मला."